दोन दारांचा धोट्या

"धोट्या, सांग त्याला, नारळ फोडल्याशिवाय यंत्र चालू करायचं न्हाई," अण्णा म्हणाला.

देवू त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मधे कुत्रं बसलं होतं. कुत्र्यानं अण्णाकडं बघितलं, उठलं, देवूच्या गुडघ्यांवर पुढचे दोन पाय ठेवले आणि शेपूट हलवली. निरोप पोचला.

"धोट्या, सांग त्यास्नी," देवू कुत्र्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "ही चेंडूची पेटी हाय, माग न्हवे. आत स्प्रिंग हाय, लोकरीचा नमदा हाय. पाणी गेलं तर फुगून बसंल."

कुत्रं परत अण्णाकडं. गुडघ्यांवर पाय.

"सांग त्याला, आमच्या बापानं इतके माग बसवले, एकबी नारळाशिवाय बसवला न्हाई. आणि एकबी फुगला न्हाई."

"सांग त्यास्नी, माग लोखंडाचा असतोय. लोखंड फुगत न्हाई, माणसं फुगत्यात."

मी माझी कुत्री बुंदी काखेत धरून उभी होते आणि मैदानावरची सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. लाज वाटायचं वय माझं केव्हाच सरलं होतं, तरी वाटली.

हे दोघं माझे सख्खे भाऊ. सातगोंडा मगदूम मोठा, त्याला आम्ही अण्णा म्हणतो. देवेंद्र धाकटा, तो देवू. मधली मी, त्रिशला. अण्णाची तिशे आणि देवूची आक्का. माहेर इचलकरंजीत, घरचे यंत्रमाग. बाबा गेल्यावर वाटणी झाली, ती अगदी सुरळीत झाली. माग वाटले, भांडी वाटली, देवसुद्धा कुरकुर न करता दोन देव्हाऱ्यांत जाऊन बसले. राहिली फक्त घराच्या मधली भिंत. गवंड्यानं विचारलं, "कुठं घेऊ?" दोघं म्हणाले, "मधे घे की." आणि दोघं कारखान्यात गेले. दुपारची वेळ. सावली अण्णाच्या बाजूला होती, म्हणून गवंडी सावलीत बसून बांधत गेला, आणि भिंत सावलीच्या अंगाला सरकली. संध्याकाळी दोघं येऊन बघतात तर भिंतीची सगळी जाडी अण्णाच्या हद्दीत.

अण्णा म्हणाला, "पाड."

देवू म्हणाला, "राहू दे की रं. नऊ इंचात काय ऊस लावणार हाईस?"

दोघांमधलं ते शेवटचं सरळ वाक्य. त्यानंतर जे काही बोलायचं ते कुत्र्याला सांगून. आणि गंमत म्हणजे पूर्वी देवू अण्णाला अरेतुरे करायचा, भांडल्यापासून मात्र अगदी आदरानं, "सांग त्यास्नी."

कुत्रं बाबांच्या वेळचं. पिल्लू असताना कारखान्यात मागांच्या मधून इकडून तिकडं पळायचं, मागातला सुताची कांडी घेऊन ये-जा करणारा धोटा पळतो तसं, म्हणून बाबांनीच नाव ठेवलं धोट्या. लांब पायांचं, बारीक कमरेचं, गावठी आई आणि शिकारी बापाचं. वाटणीत त्याला कुणी मागितलं नाही आणि कुणी सोडलंही नाही. भिंत घरातून येऊन दारापाशी थांबायची, पुढचा ओटा एकच राहिला होता. भिंतीच्या टोकाला पाठ लावून धोट्या बसायचा. तिथनं दोन्ही दारं दिसायची.

माझं म्हणाल तर मला एकच पाट पाहिजे होता. भाऊबीजेला जयसिंगपुराहून मी यायची, सकाळी अण्णाला ओवाळायची आणि जेवायची, मग ओट्यावरून सहा पावलं चालून देवूच्या घरी जायची, पुन्हा ओवाळायची, पुन्हा जेवायची. दोन्हीकडं बासुंदी. दोन्ही वहिन्या विचारायच्या, "तिकडं पोटभर जेवला न्हाईसा न्हवं?" मी दोघींना म्हणायची, "न्हाई गं, चाखलं नुसतं." त्या दोन बासुंद्यांनी मला साखर लागली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मी म्हणते. दोन भाऊ एका पाटावर बसावेत, एकच वात, एकच ताट. एवढ्यासाठी मी तो सगळा उद्योग मांडला.

उद्योग असा. आमच्या जयसिंगपुरातल्या एका क्लबनं श्वान महोत्सव काढला आणि त्यात फ्लायबॉल नावाची शर्यत ठेवली. अमेरिकेत म्हणे कुणी एक जण कुत्र्याला चेंडू टाकून टाकून कंटाळला आणि त्यानं चेंडू उडवायची पेटी काढली. त्याचा पुढं खेळ झाला. एका सरळ पट्ट्यात चार अडथळे, शेवटी ती पेटी. कुत्र्यानं अडथळे उडी मारून ओलांडायचे, पेटीच्या तिरक्या फळीवर पाय द्यायचे, चेंडू उडतो तो तोंडात धरायचा आणि त्याच वाटेनं परत यायचं. ते आलं की दुसरं कुत्रं सुटतं. शेजारच्या पट्ट्यात दुसरा संघ. आधी ज्यांचं संपेल ते जिंकले. तिकडं एका संघात चार कुत्री असतात. आमच्याकडं चार शहाणी कुत्री एका जागी मिळणं अवघड, म्हणून आयोजकांनी दोनवर भागवलं.

आणि अडथळ्यांची उंची संघातल्या सगळ्यात बुटक्या कुत्र्याच्या मापानं ठरते. हे वाचल्यावर माझं लक्ष माझ्या बुंदीकडं गेलं. नारळाएवढी पॉमेरियन. तिच्या मापाचे अडथळे धोट्याला उंबऱ्यासारखे होते.

मी अण्णाला जाऊन म्हटलं, "देवू म्हणालाय, अण्णाला कुत्रं पळवायला जमायचं न्हाई." देवूला म्हटलं, "अण्णा म्हणालाय, तुला पेटी करायला यायची न्हाई." दोघांनी हे म्हटलं नव्हतं. पण संधी मिळाली असती तर म्हटलं असतं.

देवूनं आठवड्याभरात पेटी केली. मागात धोट्याला जोरात ठोसा देऊन पलीकडं फेकायची जी रचना असते, तिचेच सुटे भाग लावले. खाली नमद्याची जाड गादी, वर फळी. पहिल्या दिवशी चेंडू उडाला तो शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांत पडला. शेजारीण चेंडू द्यायला आली तेव्हा तिनं सांडगेही मोजून दाखवले.

पेटी झाली, पण कुत्र्याला चेंडूत काडीचा रस नव्हता. अण्णानं शिट्ट्या मारल्या, शेंगदाण्याचे लाडू दाखवले, स्वतः अडथळ्यांवरनं उड्या मारून दाखवल्या. धोट्या कौतुकानं बघत बसला. शेवटी अण्णा घाम पुसत वैतागून म्हणाला, "धोट्या, सांग त्याला, चेंडूला काय वास लागला असंल तर धू म्हणावं."

धोट्या उठला. चारही अडथळे सपासप ओलांडून देवूकडं गेला आणि निरोप द्यायला गुडघ्यांवर पाय ठेवणार, तर गुडघ्यांच्या पुढं पेटी. पाय फळीवर पडले. चेंडू उडाला, त्याच्या जबड्यात बसला.

देवू बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "धोट्या, सांग त्यास्नी, धुतलाय."

धोट्या चेंडू घेऊन अडथळ्यांवरून परत, थेट अण्णाच्या गुडघ्यांवर.

मी ओट्यावर बसले होते. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले, असं काहीतरी विचित्र झालं. ह्या दोघांच्या न बोलण्यानं जगातलं सगळ्यात चांगलं फ्लायबॉलचं कुत्रं तयार झालं होतं. पुढं सरावाला "सांग त्याला" आणि "सांग त्यास्नी" एवढंच पुरायला लागलं.

तर आता मैदानावर नारळ. मी मधे पडले. म्हटलं, "अण्णा, फोड नारळ. पण पेटीवर नको. शेजारी दगडावर फोड."

अण्णा नारळ घेऊन दगड शोधायला गेला. क्लबच्या लोकांनी महोत्सवासाठी मैदान इतकं साफ केलं होतं की औषधालासुद्धा दगड मिळेना. परत आला, आणि देवू चपलेचा अंगठा बघायला वाकला तेवढ्यात पेटीच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ हाणला. सगळं पाणी फटीतून आत.

देवूनं टॉवेलानं पुसलं. पुसताना काही बोलला नाही. कुत्र्यालाही नाही.

पहिली फेरी आम्ही सहज जिंकलो. समोरच्या संघातलं लॅब्रॅडोर चेंडू घेऊन आडवं झालं आणि उठेना. मालक त्याला ओढत आणत होता तोवर धोट्या दोन्हीकडचे निरोप देऊन मोकळा झाला होता. दुसरी फेरीही आमची. ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणायला लागला, "मगदूम संघाचं श्वान म्हणजे वीज आहे, वीज." अण्णाची छाती फुगली. देवूनं टोपी नीट केली.

मधल्या सुट्टीत अण्णानं खोबरं फोडून वाटलं. एक मोठा तुकडा त्यानं वेगळा काढला. मग खाली वाकला.

"धोट्या, दे त्याला."

धोट्यानं तुकडा तोंडात धरला. दुसरं कुठलंही कुत्रं वाटेत गिळून बसलं असतं. ह्यानं नेऊन देवूच्या हातात दिला. देवूनं तो शर्टाला पुसला, कुत्र्याची लाळ असलेला, आणि खाल्ला. सगळा खाल्ला. मी बुंदीला इतकी घट्ट धरली की ती ओरडली. मनात म्हटलं, ह्या दिवाळीला एकच ताट.

अंतिम फेरी पुण्याच्या संघाशी होती. त्यांची कुत्री विलायती, मेंढ्या राखणाऱ्या जातीची. माणसांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्यासुद्धा एकसारख्या. त्यांची एक पोरगी माझ्याकडं येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्या त्या मोठ्या कुत्र्याला कमांड काय देता?"

म्हटलं, "घरगुती हाय. तुम्हाला जमायची न्हाई. त्याला आधी भिंत बांधावी लागते."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

तेवढ्यात पेटीकडून देवूची हाक आली. "धोट्या, सांग त्यास्नी, नमदा फुगला. फळी अडकालीय."

"सांग त्याला," अण्णा म्हणाला, "नारळानं न्हवे. बसवतानाच वाकडं बसलंय."

देवूनं बाह्या सारल्या. पाना काढला आणि अडकलेली फळी जोरानं सुटावी म्हणून स्प्रिंग आणखी आवळली. आणखी थोडी आवळली. राग होता तोही त्याच पान्यात गेला.

शिट्टी झाली. मी बुंदीला सोडली. माझी बुंदी टुणटुण करत चार अडथळे ओलांडून गेली आणि फळीवर चढली. काही झालं नाही. ती फळीवर उभी राहून पेटीवर भुंकायला लागली. पेटी चालवणाऱ्यानं सरळ उभं राहायचं असा नियम आहे, पण देवू म्हणजे यंत्राचा माणूस. तो बघायला वाकला.

आणि चेंडू सुटला.

तो देवूच्या नाकावर बसला, तिथनं टप्पा घेऊन खाली आला, आणि बुंदीनं तो तोंडात धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं हे असंच असतं. बुंदी चेंडू घेऊन माझ्याकडं निघाली. पुण्याचं पहिलं कुत्रंही त्याच वेळी परत येत होतं. बुंदीनं रेघ ओलांडली आणि अण्णानं धोट्याला सोडलं.

"धोट्या, सांग त्याला."

धोट्या सुटला. पहिला अडथळा, दुसरा. पुण्याच्या कुत्र्याला तो मागं टाकत होता. आणि तेव्हा अण्णाला देवूचा चेहरा दिसला. नाकातून रक्त शर्टावर आलं होतं.

"देवू, लागलं काय रं?"

अण्णा मैदानाच्या ह्या टोकावरनं ओरडला. मधे कुणाला न सांगता.

देवू नाक धरून म्हणाला, "न्हाई रं अण्णा. बसला जरा."

"रगत येतंय की. डोकं वर कर. वर कर म्हणतोय न्हवं."

"तू शर्यत बघ की."

"शर्यतीला आग लाव. रुमाल हाय काय?"

"हाय रं, हाय."

मला शर्यतीचं भान नव्हतं. ते 'रं' मी किती वर्षांनी ऐकत होते.

आणि धोट्या थांबला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अडथळ्याच्या मधे. त्यानं अण्णाकडं बघितलं. देवूकडं बघितलं. दोघं एकमेकांशी बोलत होते, ह्याला न्यायला काही उरलं नव्हतं. तो खाली बसला. मग आरामात आडवा झाला, जीभ बाहेर काढली आणि शेपूट मातीवर आपटायला लागला. जन्मात पहिल्यांदा त्याला सुट्टी मिळाली होती.

लोक हसायला लागले. ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणाला, "मगदूम संघाचं श्वान सध्या विश्रांती घेत आहे." हसण्याची लाट आली. तेव्हा दोघांचं लक्ष गेलं.

"धोट्या," अण्णा ओरडला. धोट्यानं मान वळवून देवूकडं बघितलं. त्याच्या लेखी अण्णानं हाक मारली म्हणजे देवूकडं काहीतरी असणार.

"धोट्या," देवू ओरडला. धोट्यानं अण्णाकडं बघितलं.

दोघं एकदम हाका मारायला लागले. कुत्रं मान इकडून तिकडं फिरवत राहिलं आणि जागचं हललं नाही. पुण्याचं दुसरं कुत्रं चेंडू घेऊन त्याच्या शेजारनं परत गेलं. शिट्टी झाली. पुण्याच्या पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

मी मनात म्हणत होते, हरलो तर हरलो, आता चालत जा रे अण्णा. चार अडथळे आहेत, उंबऱ्याएवढे. जा आणि त्याचं नाक बघ.

अण्णा एक पाऊल पुढं आला. पहिल्या अडथळ्यापाशी थांबला. लोक अजून हसत होते. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग कुत्र्याकडं.

"धोट्या," तो म्हणाला, "सांग त्याला, यंत्र करायचं तर अक्कल वापरून करावं."

धोट्या ताडकन उठला. किती आनंदानं उठला. तिसरा अडथळा, चौथा, फळीवर पाय, चेंडू तोंडात.

देवूनं रुमाल नाकावरून काढला. "धोट्या, सांग त्यास्नी, नारळ कुणी फोडला तेबी आठवावं."

धोट्या परत. चार अडथळे, एकाला नख लागलं नाही. अण्णाच्या गुडघ्यांवर पाय, तोंडात चेंडू, शेपूट वाऱ्यावर. दिवसभरातली सगळ्यात सुंदर फेरी ती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या पोरांनीसुद्धा. परीक्षक हळहळून म्हणाला, "हीच आधी मारली असती तर."

परतीच्या टेम्पोत पेटी मधे, पेटीवर कुत्रं, दोन्ही बाजूंना दोघं. मी म्हटलं, "अरे, बोलत होता की दोघं. मी ऐकलंय."

अण्णा म्हणाला, "बोलायला गेलो म्हणून तर हरलो."

देवूनं मान हलवली. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

त्या भाऊबीजेला मी दोनदा जेवले. पुढं दोन-तीन दिवाळ्या धोट्या होता, मग एका उन्हाळ्यात गेला. परसात एका खड्ड्याभोवती दोघं भाऊ उभे होते. अण्णानं तोंड उघडलं, खाली बघितलं, आणि मिटलं. मग देवूनंही तसंच केलं. खाली बघायची सवय गेली नव्हती आणि खाली माती होती.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. निरोपाचं काम माझ्याकडं आलंय. फोन येतो, "तिशे, सांग त्याला, जिन्याला कठडा लावून घे म्हणावं, गुडघं गेल्यात त्याचं." मी फोन लावते. "आक्का, सांग त्यास्नी, डोळं दाखवून या म्हणावं, रस्ता वलांडताना बघत न्हाईत." मी परत फोन लावते.

परवाच्या भाऊबीजेला अण्णाकडं जेवून उठले तर तो म्हणाला, "तिशे, त्याला विचार, त्या येळचं नाक अजून थंडीचं दुखतंय काय."

मी ओट्यावरून देवूकडं गेले. विचारलं. देवूचा हात आपोआप नाकावर गेला. म्हणाला, "सांग त्यास्नी, दुखत न्हाई."

मी बाहेर आले आणि पाय पुढं जाईनात. बासुंदी होती, वय होतं, काय असेल ते असो. भिंतीच्या टोकाला पाठ लावून ओट्यावर बसले. तिथला गिलावा धोट्याच्या पाठीनं घासून गुळगुळीत झालाय. तिथनं दोन्ही दारं दिसतात.

"तिशे, काय म्हणाला गं?" आतून अण्णाचा आवाज.

मी गप्प.

"आक्का, सांगितलंस न्हवं?" देवूचा आवाज.

मी गप्पच. म्हटलं, मधे न्यायला कुणी नाही असं बघून तरी बोलतील.

जरा वेळानं अण्णा काठी टेकत त्याच्या दारात आला. देवू त्याच्या दारात आला. मी मधे पाय पसरून बसलेली.

"धोट्यागत काय बसलीयस?" अण्णा म्हणाला.

देवूला हसू फुटलं. अण्णालाही फुटलं. खूप दिवसांनी दोघं एकाच वेळी, एकाच गोष्टीवर हसले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोघंही माझ्याकडंच बघून हसले.

मग अण्णा डोळे पुसत म्हणाला, "ऊठ, तिशे. सांग त्याला, ओट्यावर गार लागतंय, हिला आत घे म्हणावं."